बिलकीसचं लाकूड

या कामातून मुग्धा लेलेच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पगारात सहा हजार दिरहमची वाढ, म्हणजे तेव्हाच्या भावानं सत्तर हजार रुपये. 'असोसिएट' हा हुद्दा. आणि तिसरी गोष्ट, जिचा भाव कुठल्याच बाजारात निघत नाही: संडासांपासून सुटका.

ही तिसरी रक्कम जरा उलगडून सांगायला हवी. मुग्धा पुण्याची. आर्किटेक्चरच्या कॉलेजात पहिली आलेली. दुबईत आल्यावर पहिल्याच वर्षी तिनं एका टॉवरचा संडास बिनचूक काढला, आणि तिथंच तिच्या घोड्यानं पेंड खाल्ली. ऑफिसात जो जे चांगलं करतो तेच त्याच्या गळ्यात पडतं. त्यानंतर कितीतरी टॉवर उभे राहिले, आणि त्या प्रत्येकात कमोड भिंतीपासून किती लांब, फरशीचा उतार कुणीकडे, शॉवरचं पाणी अडवायला उंबरा किती, हे सगळं मुग्धानं ठरवलं. तिचा साहेब कॉलिन गिऱ्हाइकांशी तिची ओळख 'अवर टॉयलेट क्वीन' अशी करून द्यायचा आणि हसायचा. मुग्धाही हसायची. हसण्याचा पगार वेगळा मिळत नव्हता.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये हे काम आलं. अबू धाबीच्या एका गुंतवणूकदाराची बायपास झाली होती, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला शांतता हवीशी वाटू लागली. पैसेवाल्याला शांतता हवी झाली की तो ती बांधून घेतो. फुजैराच्या अलीकडे, डोंगराच्या घळीत त्याची जमीन होती. तिथं त्याला बारा लाकडी ध्यानकुटी हव्या होत्या, एका माणसानं एकट्यानं बसायच्या. अट एकच. त्यासाठी जगात कुठंही नवं झाड पडता कामा नये, आणि तसं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र भिंतीवर लागलं पाहिजे. ऑफिसातले सगळे टॉवरांत गुंतले होते. काम लहान होतं. म्हणून ते मुग्धाला मिळालं.

ती शुक्रवारी-शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, नवऱ्याला आणि मुलाला घेऊन तिथं जायला लागली. सुरेश गाडीत एसी लावून पेपर वाचायचा. अंकुर एकदा खाली उतरला, चहूकडे बघून म्हणाला, "मॉम, देअर इज नथिंग हिअर," आणि परत गाडीत जाऊन बसला. त्याचं खरं होतं. कोरड्या ओढ्यात गोटे, दोन्ही बाजूंना करपल्या रंगाचे कडे, आणि मध्ये चार-पाच बोरीची झाडं. तेच 'नथिंग' विकायला काढलेलं होतं.

पण मुग्धा तिथं गोट्यावर तासन्तास बसायची. वर्षातून एखादा पाऊस पडला की हा ओढा पिसाळतो, हे तिनं कड्यावरच्या पाण्याच्या खुणांवरून ओळखलं आणि कुटी लाकडी पायांवर उचलल्या, खालून पाणी निघून जावं म्हणून. दुपारचं वारं घळीतून वर चढतं हे चेहऱ्यावर घेऊन बघितलं आणि फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली. दार इतकं ठेंगणं केलं की वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये. आत मांडी घालून बसलं की समोर फक्त कडा आणि बोरीची एक फांदी दिसावी. आकाशसुद्धा नाही, कारण आकाश दिसलं की माणूस विमानं मोजतो. कॉलिननं नकाशे बघून सुचवलं, छप्पर उलट्या नावेसारखं करू या. ही कल्पना जगातल्या प्रत्येक आर्किटेक्टला आयुष्यात एकदा सुचते. मुग्धानं मान डोलावली आणि केलं नाही.

नावेवरून तिला वेगळंच सुचलं होतं. नवं लाकूड ऊन-सावलीला आकसतं, फुगतं, कुरकुरतं. ध्यानाला बसलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर कुरकुरलं तर पैसे परत मागेल. पण ज्या लाकडाचं सगळं आकसणं-फुगणं समुद्रात होऊन गेलंय, ते आता गप्प बसेल. जुन्या लाकडी मालवाहू लाँचचं सागवान. शिवाय जुन्या लाकडाला प्रमाणपत्रात गुणही जास्त.

कॉलिन म्हणाला, "ब्रिलियंट. फाइंड मी अ डेड बोट."

मेलेली लाँच शोधायला ती जुन्या दुबईत, देऱ्याला खाडीवर गेली. मेलेल्या लाँचा होत्या, पण त्यांचं लाकूड खिळ्यांच्या गंजानं खाल्लेलं, हाताला भुसा लागायचा. धक्क्यावर मात्र एक लाँच उभी होती. म्हातारी, पण अंगानं घट्ट. कांद्याची पोती, फ्रिज, टायर असं काय काय लादून घेत होती. मुग्धानं तिची फळी बोटानं वाजवली आणि नखानं टोकरून बघितली. नख गेलं नाही.

"ताई, टरबूज नाय ते," वरून आवाज आला. "टकटक करून घ्यायला."

परदेशात धक्क्यावर मराठी ऐकलं की माणूस निम्मा विकला जातो. मुग्धा हसली. वरचा माणूसही हसला आणि फळीवरून खाली आला. यूनुस भाटकर, रत्नागिरीजवळच्या साखरतरचा. पन्नाशीचा, रुंद हाडाचा, डोळे उन्हानं कायमचे बारीक झालेले. लाँच त्याच्या वडिलांनी बांधून घेतली होती आणि तिला यूनुसच्या आईचं नाव दिलं होतं, बिलकीस. दुबईहून इराणला माल न्यायचा, इराणहून आणायचा. देऱ्यात त्याचं एका टेबलाचं ऑफिस होतं, बायको आणि मुलगी इथंच.

"विकणार का?" मुग्धानं विचारलं.

"चालती लाँच कोण विकतो? तुमी काय करणार तिचं?"

"घरं करणार. ध्यानाची. डोंगरात."

यूनुसनं तिच्याकडे, मग लाँचकडे बघितलं. "म्हणजे तोडणार."

"चार लाख दिरहम देतील. म्हणजे सत्तेचाळीस लाख रुपये."

भंगारात लाँचला त्याच्या चौथा हिस्साही आला नसता. यूनुसनं पोती चढवणाऱ्यांना उगाच एक शिवी दिली, आणि म्हणाला, "घरी चला. चहा घेऊ."

घर म्हणजे देऱ्यातल्या एका फ्लॅटमधली एक खोली. बाकीच्या दोन खोल्यांत दोन कुटुंबं. यूनुसची बायको अन्वरी स्टोव्हपाशी उभी होती. मुलगी अलिशा पलंगावर पुस्तकं पसरून बसली होती, नववीला. मुग्धानं विचारलं, कुठला विषय आवडतो? तिनं मान वर न करता सांगितलं, "बायॉलॉजी, आंटी."

अन्वरीनं सगळं ऐकून घेतलं. मग चहाचा कप मुग्धाच्या हातात देत म्हणाली, "ताई, तुमी शिकलेल्या. मी साधा हिशोब सांगते. लाँच चालते म्हणून यांचं लायसन. लायसन हाय म्हणून आमचा व्हिसा. व्हिसा हाय म्हणून हिची शाळा. खालची फळी काढलीत तर वरचं सगळं येईल ना खाली?"

"अगं, चार लाख येतील," यूनुस म्हणाला. "त्यात दुसरी लाँच घेऊ. लोखंडी. नायतर मोठ्या लाँचमध्ये भागी. माझे गुडघे बघ. किती वर्सं चढायचं मी त्या फळीवरनं?"

"पैसे हातात आले की फोडा," अन्वरी म्हणाली. "आधी नाय."

हेच शहाणपण होतं, आणि इथंच ते अडलं. कारण प्रमाणपत्राचा नियम उलटा होता. गुण मिळत ते टाकाऊ वस्तूच्या लाकडाला. चालती लाँच टाकाऊ कशी? तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद जोडला तर. थोडक्यात, एकही झाड न पाडता शांतता उभी करायची तर एक धडधाकट लाँच आधी कागदावर मरायला हवी होती. पैसेही टप्प्यानंच मिळणार होते: नोंदणी रद्द झाली की दहा टक्के, लाकूड साईटवर पोचलं की साठ, उरलेले काम झाल्यावर. मुग्धाला या नियमात काही विचित्र वाटलं नाही असं नाही. पण गुण मोजताना माणूस बाकीचं मोजत नाही.

"लिहून कोण देणार?" अन्वरीनं विचारलं.

"कंपनीचं पत्र येईल," मुग्धा म्हणाली. "आणि मी आहे ना, वहिनी."

'मी आहे' या दोन शब्दांना कोर्टात किंमत नसते. पण यूनुसला ते पुरले, पत्राचं त्यानं पुन्हा विचारलं नाही. मराठी बोलणारी बाई, शिकलेली, मोठ्या ऑफिसातली, आपल्या घरी चहा प्यायलेली; तिच्याकडे वेगळा कागद मागायचा म्हणजे तिला चोर म्हणण्यासारखंच. हाच माणूस गुजराती व्यापाऱ्याकडून एका पोत्याची पावती घेतल्याशिवाय माल उचलायचा नाही.

ऑगस्टच्या उकाड्यात नमुन्याची एक कुटी उभी राहिली. बिलकीसच्या डेकवरची केबिन उतरवून, तिच्याच फळ्यांची. केबिनवाचूनही लाँच चालत होती, म्हणून अन्वरीनं तेवढं चालवून घेतलं. सुतारांनी खिळा वापरला नाही, लाकडी खुंट्या मारल्या. काम झाल्यावर मुग्धानं सगळ्यांना लांब पाठवलं आणि वाकून आत शिरली.

फळ्यांना अजून मिठाचा आणि डिझेलचा वास होता. वारं फटींतून आलं, तिच्या मानेवरचा घाम वाळला. कड्यावर ऊन सरकत होतं, एवढं सावकाश की बघताना कळू नये. छप्पर गप्प होतं. तिला आपला श्वास ऐकू आला, मग तोही ऐकू येईनासा झाला. या बाईनं हजारो लोकांसाठी एकान्ताच्या जागा काढल्या होत्या, पण बसावंसं वाटलं अशी ही पहिली.

बाहेर आली तेव्हा यूनुस दारापाशी उभा होता. "झालं ध्यान?"

"तुम्ही बसून बघा."

तो वाकून आत गेला आणि लगेच बाहेर आला. "मी या केबिनमध्ये तीस वर्सं झोपलोय, ताई. पहिल्यांदा हलत नाय." हसला, पण फळीवरचा हात काढला नाही.

सप्टेंबरात अमेरिकेतली एक बँक बुडाली. दुबईत लोक म्हणाले, तिकडची भानगड, इकडे काय? इकडे क्रेन चालूच होत्या. ऑक्टोबरच्या एका सकाळी कॉलिननं मुग्धाला काचेच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाला, की गिऱ्हाइकाचा फोन उचलला जात नाही. त्याची बँक हात आखडते आहे. "लेट्स होल्ड एव्हरीथिंग. क्वायटली." कुणाला सांगायचं नाही. लोक घाबरले तर उरलेलंही जाईल. आणि जाता जाता पुढे म्हणाला, "प्रमाणपत्राचे कागद पूर्ण असले तर कदाचित दुसरा गुंतवणूकदार मिळेल. तुझं असोसिएटचं तेव्हा बघू."

ती जागेवर येऊन बसते तोच फोन वाजला.

"ताई, यूनुस. रत्नागिरीला नोंदणी रद्द करायचा अर्ज घेऊन भाऊ बंदरात उभा हाय. अन्वरी म्हणते, ताईला एकदा विचारा. देऊ ना?"

आता इथं मुग्धाच्या मनात काय चाललं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढं तिला ते कुणी पुरतं विचारलं नाही. 'थांबा' हा मराठीतला लहानसा शब्द आहे. तो म्हटला असता तर लाँच वाचली असती. पण कागद अपुरे राहिले असते, काम नक्की मेलं असतं, आणि काचेच्या खोलीतली गोष्ट बाहेर गेली म्हणून मुग्धाची खुर्चीही. 'द्या' म्हटलं तर कदाचित सगळंच जगेल. 'होल्ड' म्हणजे काही 'कॅन्सल' नव्हे. सुरेशनं बाणेरचा फ्लॅट बुक केला होता, हप्ता दर महिन्याला जात होता. आणि तिला ती कुटी आठवली, गप्प छपराची. तशा आणखी अकरा उभ्या राहायच्या होत्या. खरं सांगायचं तर पारडं झुकलं ते हप्त्यानं नाही, त्या कुटींनी. लोभ पैशाचाच असतो असं नाही.

"ताई? ऐकताव ना?"

"द्या," ती म्हणाली. "होईल सगळं. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला," यूनुस म्हणाला. त्यानं तो शब्द मनापासून घेतला.

दहा टक्के आले, चाळीस हजार. बिलकीसला अजमानच्या खाडीत ओढून नेली आणि तोडली. साठ टक्के लवकर मिळावेत म्हणून यूनुसनं पदरचं ट्रकभाडं भरून नोव्हेंबरात सगळं लाकूड डोंगरात नेऊन टाकलं. त्याच आठवड्यात ठेकेदाराची माणसं साईट सोडून गेली. मग फाटकाला कुलूप लागलं, आणि कुलपाशेजारी एक पहारेकरी.

यूनुस म्हणाला, पैसे नको, माझं लाकूड द्या. पण साईटवरून माल बाहेर काढायला गेटपास लागतो, गेटपासवर मालक कंपनीचा शिक्का लागतो, आणि मालक कंपनीच्या ऑफिसात आता कॉफीचं मशीनसुद्धा उरलं नव्हतं. मुग्धा कॉलिनकडे गेली, म्हणाली, आपल्या फर्मनं एक पत्र दिलं, की हे लाकूड या माणसाचं आहे, त्याला पुरते पैसे मिळालेले नाहीत, तर पहारेकरी ते सोडेल.

"आपण असं लिहून दिलं तर उद्या तो उरलेले पैसे आपल्याकडे मागेल," कॉलिन म्हणाला. "त्याला कुणी निवडलं? आपण. नो लेटर्स, मुग्धा."

ती आपल्या जागेवर परत गेली. त्या महिन्यात ऑफिसातल्या निम्म्या टेबलांवरचे कॉम्प्युटर बंद झाले होते. ज्यांनी टॉवरांचे कळस काढले, हवेतले बगीचे काढले, ते सगळे गेले. मुग्धा राहिली. कारण अर्धवट उभे टॉवर कसेतरी पुरे करून विकायचे होते, आणि बगीच्यावाचून माणसं राहतात, संडासावाचून राहत नाहीत.

यूनुसचे फोन येत राहिले. आधी रोज, मग आठवड्याला. ती दर वेळी म्हणायची, बघते. एकदा तो म्हणाला, "ताई, इराणचा माल आता लोखंडी जहाजांना परवडत नाय. सगळे लाकडी लाँचा मागतायत. भाडं दीडपट झालंय." त्यात टोमणा नव्हता. तो फक्त बाजारभाव सांगत होता. मुग्धानं फोन ठेवला आणि बराच वेळ एका बाथरूमच्या उताराकडे बघत राहिली.

फेब्रुवारीत तिनं बँकेतून पंचवीस हजार दिरहम काढले. सुरेशला आधी सांगितलं नाही. नंतर सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला.

"पंचवीस हजार? म्हणजे तीन लाखांच्या वर झाले की! तू काय त्याची लाँच बुडवलीस?"

"हो," मुग्धा म्हणाली.

सुरेशला वाटलं, ती चिडून बोलतेय. त्यानं आमटी वाढून घेतली.

देऱ्याच्या खोलीत यूनुस नव्हता. दारात दोरीनं बांधलेली खोकी होती. अन्वरी भांडी कागदात गुंडाळत होती. लायसनची मुदत संपली होती. यूनुसनं फुजैराला जहाजांना सामान पोचवणाऱ्या एका लाँचवर नोकरी धरली होती. त्या पगारात बायको-मुलीचा व्हिसा बसत नव्हता, म्हणून दोघी साखरतरला परत निघाल्या होत्या.

मुग्धानं पाकीट पुढं केलं. "वहिनी, हे माझे आहेत. कंपनीचे नाहीत."

अन्वरीनं पाकीट उघडून नोटा मोजल्या. नीट, बोटाला थुंकी लावून.

"तुम्हाला वाटलं आसंल, मी नको म्हणीन."

"नाही, तसं नाही..."

"घेते. लाजायचं तर तुमी लाजा, मी कशाला लाजू?" तिनं पाकीट ब्लाउजमध्ये खोचलं. "एक सांगा. त्या दिवशी यांनी फोन केला, दीर बंदरात उभा होता तवा. मी करायला लावला. तुम्हाला ठाव होतं?"

मुग्धाला 'नाही' म्हणता आलं असतं. खोलीत तिघीच होत्या. अलिशा खिडकीशी उभी होती, पाठ करून.

"थोडंसं," मुग्धा म्हणाली.

अन्वरीनं एक कप कागदात गुंडाळला, खोक्यात ठेवला, दुसरा उचलला. "थोडंसं," ती म्हणाली. "मलाबी थोडंसंच वाटलेलं."

चहा कुणी विचारला नाही. मुग्धा निघताना अलिशाला म्हणाली, "अलिशा, आय ॲम सॉरी." अलिशानं वळून बघितलं आणि चांगल्या शाळेत शिकवतात तसं म्हणाली, "इट्स ओके, आंटी."

त्यानंतर यूनुसचा फोन आला नाही. मुग्धानंही केला नाही. करून काय बोलणार, या विचारात दोन उन्हाळे गेले. दुबईत मेट्रो सुरू झाली. मुग्धा असोसिएट झाली, कारण दुसरं माणूसच उरलं नव्हतं. कॉलिन दोह्याला गेला. तिथं एका परिसंवादात त्यानं 'सायलेन्स इन टिंबर' नावाचं भाषण केलं आणि पडद्यावर त्या एकाच कुटीचे फोटो दाखवले. खाली फर्मचं नाव होतं. बारीक अक्षरात मुग्धाचंही.

दोन हजार अकरात जमीन बँकेकडून दुसऱ्या कुणी घेतली. त्याला तिथं खजुराची बाग करायची होती. त्यानं ऑफिसला कळवलं, तुमचा कचरा उचलून न्या, नाहीतर पेटवून देतो. मुग्धानं यूनुसचा नंबर शोधून फोन केला. तो लगेच 'बरं' म्हणाला, जणू कालच बोलणं झालं होतं.

तो फुजैराहून पिकअप घेऊन आला. दाढी पांढरी झाली होती. दोघं फाटकातून आत गेले. कुटी होती, म्हणजे तिचे पाय होते आणि एक भिंत. सहलीला येणाऱ्यांनी फळ्या काढून कोंबड्या भाजल्या होत्या. काळे दगड तिथंच पडले होते. कड्याखाली बिलकीसचं लाकूड रचलेलं होतं. एक पूर येऊन गेला होता, त्यानं निम्मं गोट्यांत पसरलं होतं. उरलेलं उन्हानं उभं चिरलं होतं, एकेका फळीत बोट जाईल एवढ्या भेगा.

यूनुस एका फळीपाशी उकिडवा बसला. "पाण्यातलं लाकूड," तो म्हणाला. "पाण्याबाहेर असंच होतं."

"मला वाटलं होतं, आता ते गप्प बसेल."

"बसलंय की."

शारजाहून एक फर्निचरवाला आला होता. जुन्या लाँचच्या लाकडाची टेबलं तेव्हा नव्यानं चालायला लागली होती. त्यानं फळ्या पायानं उलट्या केल्या, नाक मुरडलं, नऊ हजार म्हणाला. यूनुसनं घासाघीस केली नाही. मुग्धा मध्ये पडली तर त्यानं हातानं तिला थांबवलं. "खलास, ताई. घेऊन जाऊ दे."

माल चढत होता तेव्हा दोघं बोरीच्या सावलीत उभे राहिले.

"अन्वरीवहिनी कशा आहेत?"

"बरी हाय. मच्छीचा धंदा करते. लोकांना वाटतं, दुबईवाली, पैसा असेल. उधार मागायला येतात." तो थोडा हसला.

"आणि अलिशा?"

यूनुस ट्रककडे बघत होता. "इथल्या शाळेची फी थकलेली. त्यांनी दाखला अडवला. दाखल्याबिगर तिकडं कोण घेईना. एक वरीस घरात बसली. मग बाहेरनं दहावी केली. मराठीत कमी पडले. सायन्स मिळालं नाय, आता कॉमर्सला जाते."

"बोलते तुमच्याशी?"

"जुम्म्याला फोन करतो मी. कॉलेज कसं हाय? फाइन, पप्पा. बस मिळते? फाइन. आई ओरडते का? फाइन." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "सगळं फाइनच हाय तिचं."

मुग्धाला काहीतरी द्यावंसं वाटलं, पण पर्समध्ये हात घालायची हिंमत झाली नाही. ट्रक भरला, दोऱ्या आवळल्या गेल्या. यूनुसनं सवयीनं एक गाठ सोडून पुन्हा बांधली. मग तो पिकअपमध्ये बसला आणि ट्रकच्या मागून नाही, उलट्या बाजूनं, फुजैराकडे निघून गेला.

तर शेवटचा ताळा असा लागतो. लाकडाचे नऊ हजार आले. त्यातून पिकअप, हमाल आणि पहारेकऱ्याचं चहापाणी वजा जाता जे राहिलं ते साखरतरला गेलं, दाखल्यासाठी थकलेल्या फीच्या निम्मंसुद्धा नव्हतं. अबू धाबीच्या गुंतवणूकदाराला झळ लागली नाही, बुडालं ते कंपनीचं, आणि कंपनी कागदावर होती. कॉलिनला भाषणाचं मानधन मिळालं. सुरेशचा बाणेरचा फ्लॅट ताब्यात आला, भाड्यानं गेला. मुग्धाचे पंचवीस हजार गेले, हुद्दा आला, आणि तिला गप्प जागेत बसणं जमेनासं झालं. ती घरात एकटी असली की टीव्ही लावून ठेवते. यूनुसची लाँच शारजाच्या दुकानातून लोकांच्या जेवणघरांत गेली. अन्वरीची देऱ्यातली खोली गेली, तिचा कुणी हिशेब मागितला नाही. पैसा काय, एकाच्या हातून सुटतो तो दुसऱ्याच्या हाताला लागतो, कुठंतरी जमा असतो. अलिशाचं घरात बसून गेलेलं वर्ष तेवढं कुणालाच मिळालं नाही. ते भरलं तिनं.